कुत्री

पहाटे पावणेपाच. औलूमध्ये उणे सव्वीस.
पायडलवर भार दिला
आणि पाय सरळ खाली गेला,
अंधारात जिन्याची एक पायरी जास्त मोजल्यासारखा.

चेन उतरली असेल म्हणून वाकले.
चेन जागच्या जागी.
हाताने पायडल फिरवलं :
चेन फिरते, मागचं दातेरी चक्र फिरतं,
मोठं चाक ढिम्म,
जणू निरोप मधल्यामध्येच कुणीतरी गिळलाय.

चार किलोमीटर ढकलत नेली.
शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे वीस मुलांची लापशी
त्या दिवशी बुडाला लागली.

हबच्या पोटात दोन पोलादी जिभा असतात,
करंगळीच्या नखाएवढ्या.
स्प्रिंग त्यांना उठवते, त्या दात्यांना धरतात,
तेव्हा कुठे चाकाला कळतं की पाय हलला.
कारागीर त्यांना कुत्री म्हणतात.
माझी कुत्री थिजलेल्या ग्रीसमध्ये गाढ झोपली होती.
आणि ते ग्रीस मीच भरलेलं,
ऑगस्टच्या उन्हात, बोटाने, मायेनं, ठासून.

गेल्या वर्षी किटलीभर उकळतं पाणी ओतलं होतं.
दहा मिनिटं झकास.
अकराव्या मिनिटाला ते पाणीच आत गोठलं.
दुकानदार म्हणाला, आणा की,
फेब्रुवारीच्या शेवटी.

शुक्रवार, सात ते आठ,
इमारतीच्या तळघरातला सौना माझा.
सायकल आत घेऊन गेले.
वरच्या बाकावर नाही, तेवढी अक्कल आहे मला,
ट्यूबला तीन ठिगळं आहेत.
बाहेरच्या न्हाणीघरात टेकवली, दार अर्धं उघडं ठेवलं
आणि मी वर बसून तिला घाम फुटताना पाहिला.
आधी बर्फ. मग मीठ. मग रस्त्यावरची खडी.
मडगार्डमधून ऑक्टोबरचं एक बर्चचं पान.

टॉवेल गुंडाळून खाली उतरले,
ती आडवी केली, फडक्याने कोरडी केली,
चक्राच्या फटीत शिवणयंत्राचं तेल सोडलं,
थेंब, थेंब,
उलटं फिरवत राहिले.
काळं आलं, डांबरासारखं.
मग तपकिरी. मग नुसतं तेल.

आठ वाजून चार मिनिटांनी दार उघडलं.
ओइवा केरानेन.
चौतीस वर्षं कागद गिरणीत.
काखेत फ्रीजरमधली बर्चची जुडी.
त्याच्या रेडिओची मी तक्रार केली, त्या एप्रिलपासून
आम्ही लिफ्टमध्ये आकड्यांकडे बघतो.

म्हटलं, झालंच, निघते.
पण त्याला ऐकूच आलं नाही,
कानातलं यंत्र तो वरच ठेवून आला होता.
तो गुडघ्यांवर बसला, कुरकुरत, दोन टप्प्यांत.
चाक फिरवलं
आणि दोन बोटं फ्रेमवर टेकवली,
नाडी बघतात तशी.

डोळे मिटलेले. मी टॉवेल सावरत उभी.

"एकच भुंकतंय," तो म्हणाला, खूप मोठ्याने,
"दुसरं अजून झोपलंय."

मला तर टकटक चांगली भरगच्च वाटत होती.
त्याने माझी बोटं धरून तिथे ठेवली.
खरंच.
एक ठोका. मग ठोक्याची रिकामी जागा.

मग त्याने भट्टीवर पळीभर पाणी फेकलं,
ते सायकलसाठी की त्याच्यासाठी, विचारलं नाही.
आणखी तेल. आणखी उलट फेरे.
साडेआठला त्याची बोटं फ्रेमवरून उठली.
"आता ग्रीस भरू नकोस," म्हणाला,
"हेच तेल. मार्चपर्यंत."
आणि त्याची वेळ मी खाल्ली
ती वहीत लिहून ठेवायला सांगितली.

सोमवार. उणे एकोणतीस.
पायडल दाबलं, चाकाने पाय धरला.
पहिल्या मजल्यावर त्याची खिडकी उजळलेली,
रेडिओवर हवामान, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं.
त्या खिडकीखाली उतार नाही,
तरी मी पाय थांबवले
आणि सायकल नुसती जाऊ दिली
दोघांच्या भुंकण्यावर.
त्याला ऐकू येणार नव्हतंच.